हिंदुरावाने पाहिलेला गोल

शके अठराशे एकोणऐंशी, इसवी सन एकोणीसशे अठ्ठावन्न. फाल्गुन नुकता लागला होता. सकाळी गार वारा आणि दुपारी चटका, असे दिवस होते. नदीकाठच्या एका जुन्या संस्थानी शहरात फुटबॉलचा हंगाम शेवटाला आला होता.

त्या शहरात खंदक पेठ आणि बुरूज पेठ अशा दोन पेठा शेजारी शेजारी होत्या. दोन्हीकडे तालमी होत्या आणि तालमींचे फुटबॉलचे संघ होते. एरवी पेठांत सोयरिकी होत, लग्नाकार्याला भांडी इकडची तिकडे जात. पण सामन्याच्या दिवशी खंदकाचा जावई बुरुजातल्या सासऱ्याला ओळख देत नसे.

खंदक पेठेत हिंदुराव नावाचा एक म्हैसवाला होता. संध्याकाळी तो आपल्या म्हशी तालमीसमोरच्या दगडी कट्ट्याशी आणून उभ्या करी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढी आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला त्याच्या हातात देई. पाण्याचा संशय घ्यायला जागाच नव्हती. माणसे दूध प्यायला येत आणि फुटबॉल बोलत बसत. कोणाचा पाय चालतो, कोण दमला, कोणाला बसवावे, हे आधी कट्ट्यावर ठरे. तालमीत मागाहून ठरे. आणि कट्ट्यावर शेवटचा शब्द हिंदुरावाचा असे.

त्याची एक गोष्ट साऱ्या पेठेला ठाऊक होती. सामन्याची शेवटची पंधरा मिनिटे तो बघत नसे. पूर्वी दोन-तीन वेळा तो शेवटपर्यंत बघत राहिला आणि नेमका खंदक पेठेवर गोल चढला. तेव्हापासून त्याने स्वतःला नेम घालून घेतला. वेळ संपत आली की तो उठे, मैदानाबाहेर जाई आणि पाठ करून बसे. लोकच म्हणत, "उठा हिंदुराव, वेळ झाली." पेठ जिंकली की म्हणत, "हिंदुरावांनी पाठ केली म्हणून तरलो." मग तो मिशीवरून हात फिरवी. न बघण्याबद्दल इतका मान दुसऱ्या कोणाला मिळाला असेल, असे वाटत नाही.

त्या वर्षी अंतिम सामना खंदक आणि बुरूज यांच्यात झाला. एकाही बाजूला गोल नव्हता. वेळ होताच हिंदुराव उठला, खंदकाच्या गोलखांबांमागच्या बुटक्या भिंतीपलीकडे गेला आणि पाठ करून बसला. मैदानातून एकदम आरडाओरडा उठला. हिंदुरावाने कानांवर हात ठेवले. आवाज वाढला. त्याच्याने राहवेना. तो वळला आणि भिंतीवरून हनुवटी वर काढून बघू लागला.

चेंडू जमिनीलगत आला, डाव्या खांबाच्या आतून गेला आणि थेट हिंदुरावाच्या नाकाखाली भिंतीवर आपटला.

खांबांना त्या वर्षी जाळी नव्हती. जुनी कुजली होती, नवी आलेली नव्हती. चेंडू आणायला खंदकाचा गोलकीपर पिराजी धावत आला. त्याने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. हिंदुराव झटकन खाली बसला.

पंच लांब होता आणि मध्ये धूळ होती. अर्धे मैदान "गोल" म्हणत होते, अर्धे "बाहेर" म्हणत होते. त्या मैदानाची एक जुनी रीत होती. पंचाला दिसले नाही, तर तो ज्याच्यावर गोल आहे त्या गोलकीपरलाच विचारी. गोलकीपर काय सांगे, हे सांगायला नको. विचारणे नावापुरते उरले होते. तरी पंचाने विचारले.

पिराजी म्हणाला, "आतनं गेला."

पंचाने पुन्हा विचारले. पिराजीने पुन्हा तेच सांगितले. शिट्टी वाजली. करंडक बुरूज पेठेत गेला.

संध्याकाळी कट्ट्यावर बसायला जागा उरली नाही. दूध कोणी पीत नव्हते. बोलणे मात्र उतू जात होते.

"पंच विचारतोय आणि ह्यो सांगतोय! तोंडाला कुलूप न्हवतं व्हय?" गणपा टांगेवाला म्हणाला.

"अरं, चेंडू बाहेरनंच गेला," दुसरा म्हणाला. "मी बघितलाय."

"तू कुठं हुतास?"

"झाडावर. पार पलीकडल्या टोकाला."

"तिथनं तुला हत्ती दिसायचा न्हाई, आणि चेंडू दिसला?"

सगळे हसले. पण हसून झाल्यावर गणपाच म्हणाला, "झाडावरनं दिसू दे न्हाई तर विहिरीतनं. बाहेरनं गेला म्हंजे बाहेरनं गेला. बुरुजानं पिराजीच्या हातावर कायतरी ठेवलं असणार."

हा शब्द पहिल्यांदा तिथे निघाला. मग तो कोणाला आवरला नाही. कोणी म्हणाले, मागच्या सामन्यातही पिराजी हळू उठत होता. कोणी म्हणाले, त्याची मावशी बुरुजात दिली आहे. शेवटी सगळ्यांनी हिंदुरावाकडे बघितले.

"हिंदुराव, तुमचं काय म्हणणं?"

हिंदुरावाला आपली माणसे माहीत होती. मी बघितले असे म्हणावे, तर ती म्हणणार, तू बघितलेस म्हणूनच गोल झाला. खरे तर त्याला स्वतःलाही तसेच वाटत होते. आपली हनुवटी वर आली नसती, तर चेंडू खांबाला लागून परतला असता, असे त्याच्या मनाने घेतले होते. तो म्हणाला, "मी कुठं शेवटचं बघतो? पण पिराजीचं ध्यान हल्ली खेळात न्हाई, एवढं खरं."

तो एवढेच बोलला. उरलेले कट्ट्याने पुरे केले.

पिराजी गाडीची चाके करणाऱ्या कारखान्यात सुताराच्या हाताखाली राबे. बाप लहानपणीच गेला होता. तालमीच्या लाल मातीत तो वाढला होता. त्याला तालमीत बोलावणे आले. तालमीचे प्रमुख तात्या वस्ताद मधोमध बसले होते. पेठ भोवती उभी होती. हिंदुराव दाराशी होता.

वस्ताद म्हणाले, "चेंडू बाहेरनं गेला म्हणणारे सगळे. आतनं गेला म्हणणारा तू एकटा. कोण साक्षीदार हाय?"

"हाय," पिराजी म्हणाला.

"नाव सांग."

"त्याचं त्यानं सांगायचं."

"बघा, बघा!" गणपा ओरडला. "बिननावाचा साक्षीदार! बुरुजातच ऱ्हात असंल!"

तालीम हसली. हिंदुरावही हसला. तो जरा मागाहून हसला. पिराजीने दाराकडे बघितलेसुद्धा नाही.

वस्तादांनी निकाल दिला, "पाडव्याला संघ नव्यानं बांधायचा हाय. तवर साक्षीदार उभा राहिला तर ठीक. न्हाई तर तुझी जर्सी दुसऱ्याला, आणि तालमीचा उंबरा तुला बंद."

पिराजी बाहेर पडला. दुसऱ्याच दिवशी बुरूज पेठेची माणसे त्याच्याकडे आली. आमच्याकडून खेळ, म्हणाली. तो म्हणाला, "मी खंदकाचा हाय." माणसे परत गेली. कट्ट्यावर बातमी आली तेव्हा लोक म्हणाले, "बघा, बोलावणं आलंच!" तो गेला नाही, हे कोणी हिशेबात धरले नाही.

पिराजीची आई हौसाक्का रोज हिंदुरावाकडे दुधाला येई. फार जुने गिऱ्हाईक. तरी धार काढताना तिची नजर त्याच्या हातावरून ढळत नसे. हिंदुरावाला त्याचा राग येत नसे. उलट बरे वाटे. आपल्याकडे बघण्याजोगे आहे, असे त्याला वाटे.

एके दिवशी तिने भांडे खाली ठेवले आणि ती पाठ करून उभी राहिली.

"हौसाक्का, इकडं बघ की," हिंदुराव म्हणाला. "मागनं म्हणशील, पाणी घातलं."

"घाल."

"म्हंजे?"

"माझ्या पोरानं डोळ्यांनी बघितलं, ते खोटं ठरलं. मग मी बघून काय करू? ह्या पेठेत बघणाऱ्याला किंमत न्हाई. वरडणाऱ्याला हाय."

हिंदुरावाची धार भांड्याबाहेर पडली.

भिंतीची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. पोराने घरीही नाव घेतले नव्हते. तिने शिव्या दिल्या असत्या, तर हिंदुरावाने चार परत दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण ती दूध घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच पाठ करून उभी राहिली. मग रोजच. तिच्या पाठीकडे बघत धार काढताना हिंदुरावाचे हात जड होत. आपण भिंतीमागे असेच पाठ करून बसायला हवे होते, असे आधी त्याला वाटे. पुढे पुढे वाटू लागले, की वळलो ते वळलो, पण वळून खाली बसायला नको होते.

तरी तो बोलला नाही. मान मिळायला वर्षे लागली होती. तो एका वाक्यात जाणार होता.

पाडवा आला. तालमीवर गुढी उभी राहिली. पेठ जमली. संघाच्या जर्सी चौरंगावर मांडल्या होत्या. वस्ताद एकेकाचे नाव घेऊन जर्सी देत होते. पिराजी उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. त्याला आत यायचे नव्हते, पण जायचेही सुचत नव्हते. वस्तादांनी गोलकीपरची जर्सी उचलली आणि दुसऱ्या एका गड्याचे नाव घेतले.

"थांबा," हिंदुराव म्हणाला.

तो पुढे आला. "चेंडू आतनं गेला. डाव्या खांबाच्या आतनं. मी बघितला."

कोणाला काही कळेना. गणपा म्हणाला, "तुम्ही? तुम्ही तर पाठ करून बसला हुता."

"बसलो हुतो. मग वळलो."

गणपाच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. "म्हंजे तुम्ही बघितलंसा म्हणून गोल झाला!"

मग जो गलका झाला तो तालमीच्या छपराला लागला. "आमचा करंडक ह्याच्या डोळ्यानं खाल्ला!" "नेम मोडला, आणि महिनाभर गप्प बसला!" "ह्याच्या मिशीला आम्ही मान देत हुतो!" सकाळपर्यंत ज्यांनी पिराजीला विकाऊ म्हटले होते, ती तोंडे तशीच उघडी होती. फक्त वळली होती.



वस्तादांनी हात वर केला. गलका बसला. त्यांनी विचारले, "त्याच दिवशी का बोलला न्हाईस?"

"ह्येच ऐकाय लागंल म्हणून."

वस्ताद उंबऱ्याच्या दिशेने फिरले. मग म्हणाले, "पिराजी, आत ये."

पिराजी उंबरा ओलांडून आत आला. वस्तादांनी जर्सी त्याच्या हातात दिली. "तू खरं बोललास. आमच्या ध्यानात आलं न्हाई." मग ते हिंदुरावाकडे वळले. "आणि तू इथनं पुढं मैदानात येऊ नको. पेठ ऐकायची न्हाई."

पेठ ऐकणार नव्हती, हे खरे होते. सामना ज्याच्या जिवाचा होता, त्याला सामना बंद झाला. हिंदुराव "बरं" म्हणाला. त्याने टोपी नीट केली आणि तो दाराकडे निघाला. लोक वाट सोडून बाजूला झाले. वाट मानाने सोडली नव्हती, हे त्याला कळत होते.

दाराशी पिराजीने त्याला गाठले. जर्सी त्याने अंगात घातली होती.

हिंदुराव म्हणाला, "तू माझं नाव घेतलं न्हाईस. तेवढं देणं माझ्यावर हुतं."

"फिटलं," पिराजी म्हणाला, आणि मैदानाकडे गेला.

तात्पर्य: ज्याने पाहिले त्याने सांगावे. समोर आपलीच पेठ असली तरी सांगावे. उशीर केला तर किंमत जास्त पडते, आणि देणे काही चुकत नाही.