नको म्हणणारी घंटा

फार वर्षांपूर्वी, दगडसावळीला अजून सडकही पोचली नव्हती, तेव्हा तिथं याकोबबाबा नावाचा पाळक होता. गोष्ट हसायची नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्याला उठायचंय त्यानं आत्ताच उठावं.

बाबा त्याच गावचा, पण गावकुसाबाहेरचा. मिशनच्या शाळेत शिकला, पाळक झाला आणि परत आला. ओढ्याकाठी त्यानं मातीच्या भिंतींचं चर्च बांधलं, आत पितळी घंटा टांगली. रविवारी घंटा वाजली की त्याच्या मंडळीतली पाच-सहा घरं जमायची. बाकीचं गाव त्याच्याकडून औषध घ्यायचं, कागद वाचून घ्यायचं, पण विहिरीच्या पायरीवर त्याला पाय ठेवू द्यायचं नाही. तो लांब उभा राहायचा आणि कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचा. असं गाव होतं आपलं, लपवून काय उपयोग?

मग एका माघात घराघरांतून उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला. पाचव्या दिवशी सगळं गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं. ज्यांना गाठ आली होती अशी अकरा माणसं मागेच राहिली. त्यांत विठोजी पाटलाची आंधळी आई राहीबाईही होती.

बाबा म्हणाला, "मी थांबतो त्यांच्यापाशी. रोज सकाळी घंटा वाजवीन. घंटा वाजली की समजायचं, रोग अजून गावात हाय, येऊ नका. तीन दिस वाजली नाही, तर या."

सगळ्यांना पटलं. घंटा वाजवणाराच पडला तर काय, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाबाच्याही नाही.

आजाऱ्यांना त्यानं चर्चच्या ओसरीतच आणून ठेवलं होतं. तो त्यांना पाणी पाजायचा, पू पुसायचा, आणि जो जाईल त्याच्यासाठी एकटाच खड्डा खणायचा. जात त्यानं एकाचीही विचारली नाही. माळावरची माणसं ओढ्यातल्या खडकावर भाकरी ठेवून जायची. एकदा पाटील तिथं थांबला आणि पलीकडं ओरडला, "बाबा, म्हातारी हाय का?"

"हाय. तुमचीच वाट बघती."

"मग येतो मी."

"आलात तर मागं पोरं पण जातील, पाटील. फिरा माघारी."

पाटील फिरला. ते त्याला मरेपर्यंत बोचत राहिलं.

फाल्गुनात एक दिवस खडकावरची भाकरी तशीच राहिली. बाबाच्या जांघेत गाठ आली होती, ओढ्यापर्यंत जाऊन सांगायचं बळ नव्हतं. आपण गेलो की घंटा थांबणार, आणि घंटा थांबली की सगळं गाव लेकराबाळांसह रोगाच्या तोंडात येणार, हे त्याला आता कळलं. असं म्हणतात, तो सरपटत चर्चमध्ये गेला आणि घंटेचा दोर त्यानं मनगटाला बांधून घेतला.

खडकावर भाकऱ्या वाळत गेल्या, पण घंटा वाजत राहिली. कधी ऊन चढल्यावर वाजायची, कधी एकच ठोका पडायचा. माळावरून कुणी उतरलं नाही. चैत्रात ती थांबली. तीन दिवस वाट पाहून पाटील गावात शिरला.

अकरांतली एकटी राहीबाई जिवंत होती. बाबानं उशाशी ठेवलेल्या तुकड्यांवर ती तगली होती. बाबा घंटेखाली पडला होता, वाळून लाकूड झालेला, दोर अजून मनगटालाच.

"बाबा कधी गेला, आई?"

"शिमग्यालाच की. मीच त्याच्या तोंडात पाणी घातलं."

"मग पुढं एकोणीस दिस घंटा कुणी वाजवली?"

"मला आंधळीला काय ठावं? सकाळी दोर वढल्याचा आवाज यायचा. आन् बाबाच्या खोकल्याचा."

माळावरचं एकही माणूस त्या साथीत दगावलं नाही, असं म्हणतात.

आजही चैत्रातल्या एका रविवारी सगळं गाव, सगळ्या आळ्यांचं, उपाशीपोटी माळावर जाऊन बसतं. खाली चर्चची घंटा वाजत असते. पोरं कुरकुरतात, घरी चला म्हणतात. म्हातारी माणसं त्यांना सांगतात, "बाबा अजून नको म्हणतोय."

घंटा थांबली की सगळे उतरतात. पाटलाच्या घरचा थोरला विहिरीच्या पायऱ्या उतरून कळशी भरतो आणि याकोबबाबाच्या थडग्यावर रिती करतो. त्याआधी गावात कुणी पाण्याला तोंड लावत नाही.