पायथ्याशी थांबलेली जीप

डोंगराच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता नुकताच पोचला होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या तुळाजी भांगरे यांच्या दारात दोन डिझेल गाड्या होत्या, एक जुनी जीप आणि एक नवी मोटार. दोन्ही सांभाळणं होईना, म्हणून एक विकायचं त्यांनी ठरवलं आणि गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

“तुझ्या खडखडाटाला माणसं घाबरतात,” मोटार म्हणायची.

“आणि तू खड्ड्याला घाबरतेस,” जीप म्हणायची.

एका सकाळी वरच्या पाड्यावरून निरोप आला, तिथल्या चांगुणाला कळा सुरू झाल्यात. तिथे फक्त जीपच चढू शकत होती. तुळाजींना घेऊन दगडधोंड्यांतून ती वर गेली आणि चांगुणाला घेऊन खाली आली. आता दवाखान्यापर्यंत सरळ रस्ता होता. आपण तिला तिथे पोचवलं, की तुळाजी आपल्याला कधीच विकणार नाहीत, हे जीपला पक्कं ठाऊक होतं. पण प्रत्येक हादऱ्याला चांगुणा कळवळत होती. जीपला ते ऐकवेना. घरासमोर येताच ती आपणहून बंद पडली.

“अगं, आता का थांबलीस?” मोटारीने विचारलं.

“माझे हादरे तिला सोसत नाहीत. तू ने तिला.”

मोटारीने चांगुणाला अलगद नेलं. दुपारी तिला मुलगी झाली.

घरी परतल्यावर तुळाजींनी बिघाड शोधायला जीपची किल्ली फिरवली, तर ती लगेच सुरू झाली. बिघाड नव्हताच; ती सकाळी का थांबली, ते त्यांना उमगलं. मग बायकोला म्हणाले, “गिऱ्हाइकाला नको म्हणून सांग. दोन्ही राहू देत.”

संध्याकाळी मोटारीने हळूच विचारलं, “वरून आपलं गाव कसं दिसतं गं?”

जीप खुशीत सांगत बसली.