खिंडीतल्या वीराचा खोकला

पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराखालच्या एका गावात एक धाकटा भाऊ ज्याला त्याला विचारत असे, "दादाचं नाव बाजारात पैशासारखं चालतं, मग माझं का चालत नाही?"

त्याच्या दादाने एकट्याने खिंडीत सात दरोडेखोर अडवले होते. तेव्हापासून त्याच्याकडून कुणी पैसे घेत नसे. "तुमचे पाय दुकानाला लागले, दाम वसूल झाला," तेली म्हणायचा.

धाकटा मिठाची पोती वाहायचा. एकदा तो चांभाराकडे फुकट जोडा मागायला गेला आणि म्हणाला, "मी खिंडीतल्या वीराचा सख्खा भाऊ."

चांभार हसला. "मग त्यांना पाठव. जोडा त्यांच्या पायात दिसला तर माझे दहा खपतील. तुझ्या पायात कोण बघतो?"

धाकटा अनवाणी परतला. त्या दिवसापासून दादाच्या ताटातली भाकरीसुद्धा त्याला मोठी दिसू लागली.

पावसाळा संपता संपता दादाला खोकला लागला. अंग तापलं. तो हळूच म्हणाला, "वैद्याकडून काढा आणशील? तुझ्यासाठीच हवाय असं सांग. मी आजारी आहे हे फुटलं तर दरोडेखोर पुन्हा खिंडीत येतील."

धाकट्याने जोड्यांसाठी साठवलेली नाणी मुठीत दाबली. "तुझं नाव सगळीकडे चालतं ना? मग तिथंही चालव."

दादा हसायला गेला आणि खोकतच राहिला. त्याने पुन्हा मागितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

बाजार एक दिवस बंद राहिला. दुसऱ्या दिवशी चांभाराने ओरडून जोडे विकले, "खिंडीतल्या वीराच्या पायात होते, अगदी तसेच."

धाकटा त्याच्यासमोरून अनवाणीच वैद्याकडे गेला. त्याने सगळी नाणी पुढे ठेवली. "खोकल्याचा काढा द्या."

"कुणाला झालाय?"

"दादाला. त्याला ताप होता. तो घाबरला होता. मला माहीत होतं."

वैद्याने गरम काढा वाटीत ओतला. मग म्हणाला, "साधा काढा होता रे. दोन दिवसांत उठला असता."

धाकट्याने तो काढा खिंडीत नेला. दादा ज्या दगडावर बसून पहारा द्यायचा, त्यावर वाटी ठेवली. वाटी गार होईपर्यंत तो शेजारी बसला आणि मग दादाच्या जागी पहाऱ्याला उभा राहिला.

हेव्याला दुसऱ्याचं नाव दिसतं, त्याचं दुखणं दिसत नाही.