पदरातले लाडू

कादंबरीकार टिळेकर सरांच्या लेखनवर्गात पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सरांना उलट प्रश्न विचारायचा नाही. त्यांच्या नव्या कादंबरीच्या प्रकाशनाला आभार मानायला मलाच उभं केलं. त्याआधी अध्यक्षांनी त्यातला एक प्रसंग वाचला. लग्नघरी पोळ्या लाटायला गेलेली बाई मुलांसाठी दोन लाडू गुपचूप पदराला बांधते. प्रकरण तिथेच संपतं.

"काय संयम आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुढे एक शब्द नाही."

समोर बसलेल्या माझ्या आईने मान खाली घातली. ती बाई म्हणजे आईच होती, आणि तो प्रसंग मीच लिहून वर्गात वाचून दाखवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, त्या लाडवांचं पुढे काय झालं?" आभाराला उभी राहिल्यावर मी माइकवरून विचारलं.

"अगं, मुलांनी खाल्ले. दुसरं काय होणार?"

"नाही सर. माझं वाचून व्हायच्या आत तास संपला आणि तुम्ही मला थांबवलंत. म्हणून तुमचं प्रकरणही तिथेच थांबलंय."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "मग बाळ, तूच सांग ना शेवट."

"नाही सांगणार. सर लगेच सुधारित आवृत्ती काढतील."