ठिपक्याची मूठ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं पडली नव्हती. अशाच एका बिननावाच्या डोंगराखाली एक गाव होतं आणि त्या गावात एक कणगी होती.

कणगी बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाहून उंच; मूठ टाकायला छातीच्या उंचीवर झाकणाचं तोंड. कणगी घरोघरी असते. पण ही सगळ्या गावाची होती. ती चावडीपुढे उभी असे. दर बाजाराच्या दिवशी लोक आपापल्या जनावराच्या नावाने तिच्यात मूठभर धान्य टाकत. कुणाचं जनावर आजारी पडलं, की घाटापलीकडून वैद्य येई आणि त्याचा मोबदला कणगीतून जाई.

नियम एकच. पहिली मूठ टाकताना जनावर स्वतःच्या पायांनी चालत आलं पाहिजे.

गंमत अशी, की ही कणगी जिने विणली, ती टोपलीवालीच तिच्यात मूठ टाकत नव्हती. ती एकटी राहायची. सोबतीला ठिपक्या नावाचा कुत्रा. ती बांबू तासायला बसली, की ठिपक्या तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. मग पायाला मुंग्या आल्या तरी ती पाय हलवत नसे.

टोपलीवालीला प्रत्येक गोष्टीचा तळ बघायची खोड होती. नवी टोपली हाती आली, की ती आधी उलटी करून बघायची. कणगीला उलटं करता येईना, म्हणून ती लोकांनाच विचारत सुटली.

"मावशी, इतकी वर्षं मुठी टाकल्यास. परत काय आलं?"

शेळीवाली मावशी खदखदून हसली. "माझी शेळी अजून शिंकलीसुद्धा नाही गं! दाणाही परत आला नाही."

"मग वाईट नाही वाटत?"

"म्हणजे शेळी आजारी पडली असती, तर मी नाचले असते होय?"

हे टोपलीवालीला पटलं. पण तळ काही दिसला नाही. मग ती कुंभाराकडे गेली. त्याच्या गाढवाला पोटाचा आजार झाला होता.

"वैद्य येत राहिला, कणगी देत राहिली," कुंभार म्हणाला. "टाकलं त्याच्या कितीतरी पट निघालं."

"मग गाढव वाचलं?"

"नाही." कुंभाराने चाक थांबवलं. "पण करायचं काही राहिलं, असं मनाला लागून राहिलं नाही."

हेही तिला पटलं. मग पाटील म्हणाला, "माझ्याच घरात धान्याच्या दोन कणग्या आहेत. गावच्या कणगीचं मला काय काम?" आणि खरं सांगायचं तर तेही खोटं नव्हतं.

शेवटी टोपलीवालीने आपल्यापुरती तोड काढली. घरात एक मडकं ठेवलं. 'मूठ माझी, मडकंही माझं. ठिपक्या ठणठणीत राहिला, तर धान्य कुठे जातंय?' पण घरातलं मडकं हाताशी असतं. एखाद्या दिवशी टोपल्या विकल्या जात नसत, आणि मग हात मडक्यात जाई.

कणगीचा राखणदार एक म्हातारा होता. सगळे त्याला आबा म्हणत. त्याने एकदा तिला हटकलं.

"पोरी, परत किती मिळालं हे तू गावभर विचारलंस. पण एक प्रश्न राहिलाच की."

"कोणता, आबा?"

"वाईट दिवस आलाच, तर तुला एकटीला पेलेल का?"

"विचार करतेय ना! पुढच्या बाजारी सांगते."

"कर बाई. पण संकट काही तुझा विचार संपायची वाट बघायचं नाही."

आणि तसंच झालं. पुढचा बाजार उजाडायच्या आतच एका भरल्या गाडीचं चाक ठिपक्याच्या मागच्या पायावरून गेलं.

टोपलीवाली त्याला कवेत घेऊन चावडीकडे धावली. एका मुठीत धान्य होतं. आबांनी कणगीच्या तोंडावर हात ठेवला.

"खाली ठेव त्याला."

तिने ठेवलं. ठिपक्या उठायला गेला आणि कोसळला.

"मूठ घेता येणार नाही, पोरी."

"आबा, ही कणगी मी विणलीय!"

"ठाऊक आहे. पण आज ही मूठ घेतली, तर उद्यापासून धडधाकट जनावर कोण आणील? सगळे दुखण्याची वाट बघतील. मग कणगीत उरेल काय?"

तुम्ही म्हणाल, म्हातारा निष्ठुर. पण कणगीला कुलूप लावून तोच टोपलीवालीच्या मागोमाग तिच्या घरी गेला आणि ठिपक्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

वैद्य आला. पाय चाचपून म्हणाला, "पाय वाचेल. पण पावसाळा सरेपर्यंत लेप घालायला मला येत राहावं लागेल. नाहीतर पाय काढतो. जीव तरी नक्की वाचेल."

टोपलीवालीने मडकं आणलं. या वेळी ते उलटं करता येत होतं. तिने ते पालथं केलं आणि तळ दिसला. धान्य दुसऱ्या उपायापुरतंच होतं.

"पाय काढा," ती म्हणाली. हे दोन शब्द तिला जन्मभर जड गेले.

ठिपक्या वाचला. जखम भरली. मग एका बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, लोक आपसूक बाजूला झाले. टोपलीवाली येत होती आणि तिच्यापुढे ठिपक्या, तीन पायांवर उड्या मारत.

"आबा, आला बघा स्वतःच्या पायांनी. किती पाय हवेत, हे काही तुमच्या नियमात नाही."

आबा हसले. "नाही खरं. पण गेलेल्या पायाचं कणगी काही देणार नाही हं."

"नको. उरलेल्या तिन्हींचं बघा."

या वेळी आबांनी कणगीच्या तोंडावर हात ठेवला नाही. मूठ आत पडली.

म्हणून सांगतो: परत किती मिळेल हे विचारण्याआधी एकट्याला किती पेलेल हे विचारावं, आणि आपला जीव आपल्या पायांवर उभा आहे तोवरच विचारावं.