यमुनाकाकूचा निरोप

“मग परवा आत गेल्यावर त्याला सांगू काय, बाई?”

अमोस पाटोळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. रिबेकाबाई ओसरीवर बसून तुरुंगातल्या गीतपुस्तकांची सुटलेली पानं खळीनं चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रिबेकाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बावीस वर्षं झाली, दर शनिवारी त्या चर्चतर्फे तुरुंगात जात. कैद्यांपाशी बसत, त्यांचं ऐकत, कुणी म्हटलं तर प्रार्थना करत.

अमोस वर्षभरापूर्वी त्यांच्या हाताखाली आला. बायबल कॉलेजात पहिला आलेला. तो बोलायला उभा राहिला की सगळी बराक गप्प व्हायची, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याच्याच बोलण्यानं सुदाम खरात हलला होता. बांधाच्या भांडणात सुदामनं शेजाऱ्याच्या एकुलत्या एक मुलाच्या डोक्यात पहार घातली होती. जन्मठेपेची नऊ वर्षं सरली होती. गेल्या शनिवारी तो ढसाढसा रडला. म्हणाला, देवानं माफ केलं म्हणता, केलं असेल. पण यमुनाकाकूनं केलं का, तेवढं विचारून या.

यमुनाकाकू म्हणजे त्या मेलेल्या मुलाची आई.

विचारून येतो, असा अमोसनं सगळ्यांदेखत शब्द दिला. बाईंना न विचारताच.

काल तो त्या गावी जाऊन आला. एसटीत बसल्या बसल्या त्यानं क्षमेवरची सगळी वचनं मनात ओळीनं लावून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

म्हातारी दारात बसली होती. कुणाकडून आलो ते त्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, त्याला थंडीत पांघरूण मिळतं का?

अमोसला वाटलं, झालं काम. दोन घोंगड्या मिळतात, असं त्यानं हरखून सांगितलं.

“एक काढून घ्या म्हणावं,” म्हातारी म्हणाली.

अमोसनं माफीचा विषय काढला. ती म्हणाली, नाही. मग जरा वेळानं तिनंच विचारलं, सुदामची दाढ अजून ठणकते का? लहानपणी फार ठणकायची. रात्रभर कण्हायचा, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आणि एवढं बोलून पुन्हा म्हणाली, नाही. ह्या जन्मी नाही.

“माझी मतीच गुंग झाली, बाई,” अमोस म्हणाला. “नाही म्हणाली असं सांगितलं तर तो मोडून पडेल. हो म्हणाली असं सांगितलं तर ते खोटं. आणि ती नक्की काय म्हणाली, तेच मला कळलेलं नाही.”

बाईंनी एक पान जागेवर बसवलं आणि तळहातानं दाबून धरलं.

“तुला बस म्हणाली?”

“पोतं टाकलं बसायला.”

“पाणी दिलं?”

“दिलं.”

“कधी? तू कुणाकडून आलास ते कळायच्या आधी?”

अमोसला आठवावं लागलं.

“नंतर... नाही म्हणाली, त्याच्याही नंतर. भिंतीला धरून उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली.”

“मग?”



एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं, ह्याचा अमोसला तेव्हा संताप आला होता. घशाला कोरड पडली होती, तरी गाडी चुकेल असं काहीतरी पुटपुटून तो तसाच निघाला होता. म्हातारी दोन्ही हातांनी तांब्या धरून उभी होती. ते आत्ता, इथं ओसरीवर, त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

“मी प्यायलो नाही,” तो म्हणाला.

...

बाईंनी खळीचे हात पदराला पुसले.

“पण बाई, पाण्याचा इथं काय संबंध? मी सुदामला काय सांगायचं, ते विचारतोय. मला अजूनही काही...”

“तिकडं जायला सकाळची पहिली गाडी कितीला आहे?”

“साडेसहाला.”

“जा,” रिबेकाबाई म्हणाल्या, “आधी ते पाणी पिऊन ये.”