दिवाणजींची तीन पागोटी

एका डोंगराळ राज्यात ठकूबाई नावाची कुंभारीण होती. तिची मडकी गावोगाव विकली जात आणि त्यावरच तिच्या घरातली सात तोंडं जेवत.

एके दिवशी दरबारात दिवाण त्रिंबकपंत उठले आणि मडक्यांवर तुटून पडले. मडक्यातल्या पाण्याने म्हणे पोट दुखतं, केस गळतात, सासूसुनांची भांडणं वाढतात! तेव्हा मडक्यांवर बंदी घालावी आणि शेजारच्या ताम्रनगरातून तांब्याच्या घागरी आणाव्यात. पाठोपाठ चार सरदार तेच बोलले, शब्दन् शब्द तेच. राजा बिचारा भोळा. पाच शहाणे एकच सांगतात म्हणजे खरंच असणार, असं त्याला वाटलं.

बातमी ऐकून ठकूबाई चिखलाच्या हातांनीच दरबारात आली.

"म्हाराज, बंदी खुशाल घाला. पन आधी यास्नी इचारा, ह्ये कुणाच्या वतीनं बोलत्यात?"

"प्रजेच्या!" पंत छाती काढून म्हणाले.

घागरींचा पैसा तर ताम्रनगरला जाणार, हे राजाच्या ध्यानात आलं. त्याने आज्ञा दिली, "उद्यापासून परराज्याच्या वतीने बोलणाऱ्याने त्या राज्याचं पागोटं घालूनच बोलायचं. बोलायला बंदी नाही. लपवाल तर गाढवावरून धिंड काढीन."

दुसऱ्या दिवशी चारही सरदार ताम्रनगरची लाल पागोटी घालून मुकाट्याने येऊन बसले. पंत दारातच अडकले. ते तीन परराज्यांची कामं बघत, म्हणून डोक्यावर तीन पागोटी, एकावर एक! शिपायांनी त्यांना वाकवून आत घेतलं. पंतांनी कालचंच भाषण केलं, पण हसण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. राजाही पोट धरून हसत होता.

मडकं घेऊन आलेली ठकूबाई तेवढी हसली नाही. "म्हाराज, रागावू नका. पन तुमचं पागोटंबी लालच हाय की."

राजाने डोकं चाचपलं. दसऱ्याला ताम्रनगरच्या राजाने ते भेट पाठवलं होतं. मऊ लागतं म्हणून तो रोज तेच घालत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ते उतरवून पंतांच्या तिसऱ्या पागोट्यावर ठेवलं आणि उघड्या डोक्याने निकाल दिला, "मडक्यांवर बंदी नाही. ज्याला घागर हवी, त्याने घागर घ्यावी."

एवढ्या ओझ्याखाली पंतांना घाम फुटला. ठकूबाईने त्यांना मडक्यातलं गार पाणी दिलं. ते गटागटा प्यायले. पोट काही दुखलं नाही. मान मात्र आठवडाभर दुखत होती.

तात्पर्य: परक्याची बाजू मांडणाऱ्याला अडवू नये, पण तो कुणासाठी बोलतो ते सर्वांना दिसलं पाहिजे, आणि तसा नियम करणाऱ्याने आधी स्वतःचं डोकं चाचपून पाहावं.